पांढुर्ण्याची बोट

बँकेसमोर माझी गाडी सुरू होईना, एवढंच झालं होतं. सेल्फ मारला, खुर्र झालं आणि गप्प. पुन्हा मारला, पुन्हा तेच. सात वर्षांची स्कूटी आहे, सकाळी तिला दोन-चार किका लागतात, त्यात नवल काही नाही. पण मी ती स्टँडवर चढवत असताना मागच्या पानठेल्यावरून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, पोस्टमास्तरच्या बोटीची हवा लागली काय गाडीले?" आणि चार-पाच जण हसले. मी वळून पाहिलं. हसणाऱ्यांत गौरव होता. आठवीत माझ्या वर्गात होता. जळायला हवा लागते हे त्याच्या डोक्यात घालता घालता माझा घसा बसला होता. त्याने मला पाहिलं आणि पटकन चुन्याच्या डबीत बोट घातलं.  बोलले असते तर भर रस्त्यात तमाशा झाला असता, आणि थांबायचं कुठे ते मला कळलं नसतं. नुसती चाबी काढली आणि मुठीत आवळली. माझ्या चाबीला एक लाल, कुरळी, जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी दोरी आहे. मनगटात अडकवता येते, त्यामुळे वर्षभरात चाबी एकदाही हरवलेली नाही. तिच्या टोकाला प्लास्टिकचा एक चपटा तुकडा आहे. तो तळहातात रुतत गेला आणि मी रुतू दिला.

पांढुर्ण्याला बोट, या गोष्टीला गाव पहिल्यापासून हसत होतं. जाम नदी ती केवढी. गोटमारीला सावरगावची आणि आमची माणसं तिच्यात उतरून एकमेकांवर दगड भिरकावतात तेव्हा पाणी कुणाच्या पोटरीला लागतं, कुणाच्या गुडघ्याला. उन्हाळ्यात तर तिच्यात क्रिकेट चालतं. तीन वर्षांपूर्वी नागपूरच्या कुण्या दानशूराने आमच्या जामकाठ सेवा मंडळाला एक बोट आणि तिच्यामागे लावायची मोटर देऊन टाकली, तेव्हा लोक शेडपर्यंत पाहायला आले आणि विचारायला लागले, तिकीट कुठं मिळते, मुंबईले किती वाजता पोचते. मंडळाचे अध्यक्ष रघुनाथराव फोटो काढून मोकळे झाले आणि बोट सांभाळायचं काम माझ्या नवऱ्याच्या गळ्यात पडलं. अरविंद नुकतेच पोस्टातून निवृत्त झाले होते. त्यांच्या गळ्यात काहीही घालता येतं, मान ते स्वतःच पुढे करतात. चाळीस वर्षं मी हेच पाहत आले आहे. साहेबाची चूक असो, खालच्या माणसाची असो, हे म्हणणार, माझ्याच पाहण्यात यायला पाहिजे होतं. मला असल्या चांगुलपणाची चीड येते. हा चांगुलपणा नव्हे, बोलायचा कंटाळा आहे, असं मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे, एकदा नाही, शंभरदा.

आणि यंदा पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात जामने सगळ्यांची थट्टा एका सकाळीत बंद केली. वर कुठेतरी रात्रभर पाऊस झाला आणि नऊ वाजता पुलावरून पाणी गेलं. पलीकडे नदीला लागून संत्र्याचा एक बगीचा आहे. त्याची राखण बापूजी करायचे, सत्तरीचा माणूस, पंपाच्या खोलीतच झोपायचे. ते त्या खोलीच्या छतावर चढले होते. मला कुणी फोन केला, मी गाडी भरधाव काढली, काठावर उभी केली, चाबी तशीच लागलेली राहिली, आणि चिखलातून घसरत खाली पळाले. अरविंद बोटीत वाकून मोटरची दोरी ओढत होते. ओढली की घर्र, ओढली की घर्र. पाच-सहा जण भोवती कमरेएवढ्या पाण्यात बोट धरून उभे होते आणि प्रत्येकाला मोटरमधलं कळत होतं. कुणी म्हणे चोक दे, कुणी म्हणे ते चोक होऊन गेलं आहे. अर्ध्यांना वाटत होतं चोक म्हणजे देण्याची वस्तू, अर्ध्यांना वाटत होतं चोक म्हणजे तुंबणं, आणि दोन्ही बाजू एकमेकांवर ओरडत होत्या. बापूजी आधी दुपट्टा हलवत होते. मग त्यांनी तो हलवायचं सोडलं आणि नुसते बसून आमच्याकडे पाहायला लागले, बसस्टँडवर बसतात तसे. मी काठावरून ओरडले. काय ओरडले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "अहो, ओढा ना जोरानं! हातात जीव नाही काय तुमच्या?" साऱ्या गावासमोर. चाळीस मिनिटांनी पंपाची खोली एका बाजूला बसली, अगदी सावकाश, आणि छत रिकामं झालं. बापूजी दुसऱ्या दिवशी तिगावच्या बाजूला सापडले. त्यांची बायको शकुबाई माझ्यापासून दहा हातांवर उभी होती. ती ओरडली नाही. तेव्हापासून ते न ओरडणं माझ्या कानात आहे, वर्गात सगळी पोरं एकदम गप्प झाल्यावर भीती वाटते तसं.

नंतर गावाला कारण सापडलं. पोस्टमास्तर पेट्रोल टाकायचं विसरला. दुसऱ्या आठवड्यात: पेट्रोल होतं, पण दोन वर्षांचं शिळं. तिसऱ्या आठवड्यात: मोटर त्याने शेतात नेली होती. आमच्याकडे शेतच नाही. मी ज्याला त्याला उत्तरं देत फिरले आणि घरी येऊन पाहावं तर ज्याच्यासाठी मी भांडत होते तो माणूस खिडकीशी बसून पेपरातलं कोडं सोडवत बसलेला.  मोटरबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक मागितलं तर म्हणाले, पुरात गेलं. पंधरा दिवसांपूर्वी सौंसरच्या बसने एकटेच जामसावळीच्या मारुतीला जाऊन आले. देवाला जाताना मला विचारायची रीत होती आमच्या घरात, तीही गेली. येताना मारुतीचं पितळी किचेन आणलं आणि मी आंघोळीला गेलेली पाहून माझी चाबी त्यात घालून ठेवली. माझी दोरी कचऱ्याच्या डब्यात! मी ती शेंगांच्या सालांतून काढली, साबणाने धुतली आणि अर्धा तास तोंडाचा पट्टा सोडला. बायकोच्या वस्तूला हात लावायला मारुतीने सांगितलं काय तुम्हाला? त्यांनी किचेन मुकाट्याने देवघरात ठेवलं. आणि आज सकाळी टेबलावर मला तो कागद दिसला. पोस्टातलं सुंदर अक्षर, एकही खाडाखोड नाही. 'माझ्या निष्काळजीपणामुळे मोटर सुरू झाली नाही व श्री. बापूजी यांचा जीव गेला. यास मी एकटा जबाबदार आहे.' आज चार वाजता मंडळाच्या सभेत, शकुबाईच्या समोर, हे उभं राहून वाचायचं होतं. मी विचारलं, कोणता निष्काळजीपणा? म्हणाले, झालाच असेल काहीतरी. मी म्हटलं, जूनमध्ये तुम्हीच रघुनाथरावांच्या मागे लागला होता ना, नदीत पाणी नाही तर मोठ्या ड्रममध्ये मोटर बुडवून एकदा चालवून पाहू म्हणून? त्यांनीच उडवून लावलं ना? म्हणाले, मी जोर धरायला पाहिजे होता. माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी भिंतीवर मारला नाही एवढंच माझं त्या सकाळचं पुण्य. एकदा हे वाचलं की मरेपर्यंत ते या गावात बापूजीला मारणारे म्हणून राहतील, आणि मी त्यांची बायको म्हणून. माणूस आपल्या हाताने आपलं नाव असं पुसून टाकतो आणि बाजूला राहणाऱ्याला विचारतही नाही!

गाडी एकदाची अकराव्या किकेला सुरू झाली, तेव्हा मी घराकडे वळले नाही. मंडळाच्या शेडकडे वळले. मी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे. मोटर म्हणजे काही देवीचा कोप नव्हे. इंजिनाला तीन गोष्टी लागतात, पेट्रोल, हवा आणि ठिणगी. तिन्ही असल्या तर ते सुरू झालंच पाहिजे, आणि नाही झालं तर तिन्हींतली कोणती नाही ते सापडलंच पाहिजे. इतक्या साध्या गोष्टीसाठी महिनाभर एका माणसाला गाव फाडून खात होतं आणि कुणाला झाकण उघडून पाहायचं सुचलं नव्हतं. मलाही नाही, ते सोडा. शेडच्या अलीकडे रोशनचं दुकान आहे, पंप आणि मोटारसायकली दुरुस्त करतो. पुराच्या दिवशी तो सौंसरला अडकला होता, पुलावरचं पाणी उतरल्यावर आला. त्याला मी जवळजवळ बखोट धरूनच आणलं.

"तुमच्या साहेबानं नाई म्हटलं हाये, मॅडम," तो म्हणाला. "कोनी हात नाई लावाचा म्हने त्या मोटरले. दोनदा येऊन सांगून गेले."

"साहेबाला मी सांगते. तू ड्रम भर."

"तुम्ही कायले हात खराब करून राहिल्या?"

"ड्रम भर, रोशन."

त्याने ड्रम भरला. मोटर लाकडी घोडीवर चढवून तिचा पाय पाण्यात सोडला. महिनाभरात तिच्यावर धूळ बसली होती, झेंडूचं एक वाळकं फूल अजून झाकणाच्या कडेला अडकलेलं होतं, गेल्या खंडेनवमीचं. लाल-पिवळा नाडाही तसाच होता, समोरच्या लाल बटनाखाली सात वेढे घालून बांधलेला, आता मळून तपकिरी झालेला. मला जरा बरं वाटलं ते पाहून. निदान पूजा तरी नीट झाली होती, ती मी स्वतः केली होती. रघुनाथरावांचा आग्रह, मॅडमच्या हातानेच होऊ द्या. मी आदल्या दिवशीच शेडमध्ये जाऊन मोटर पुसली होती, पुरुष पुसतात तशी हलक्या हाताने नव्हे, बाईने भांडी घासावी तशी. कंपनीच्या चिठ्ठ्या, प्लास्टिकच्या पिशव्या, ग्रीस लागलेलं लोंबतं-बिंबतं सगळं काढून टाकलं, कारण घाणेरड्या वस्तूला हळद-कुंकू लावायचं मला जमत नाही. बटनाखाली एक खाच होती, जणू नाडा बांधायलाच केलेली. घट्ट बसला. अरविंद बाजूला नारळ धरून उभे होते.

आम्ही पेट्रोलपासून सुरुवात केली. जुनं सगळं काढलं, नवं टाकलं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा होता. नळीतला रबरी फुगा रोशनने दाबला, पेट्रोल वर चढलं, फुगा कडक झाला. म्हणजे पेट्रोल मिळत होतं. जुनंही रोशनने वासाने पाहिलं, म्हणाला, "याच्यानं बी झाली असती." ऐकलं का पानठेलेवाल्यांनो. हवेची जाळी साफ. चोकची मूठ ओढली, सैल, छान चालत होती. देण्याचा आणि तुंबण्याचा, दोन्ही चोकांचा निकाल लागला. दोरी ओढली. घर्र. तोच आवाज. मी ड्रमची कड धरली. त्या आवाजामागोमाग तो दुपट्टा दिसला, नंतर न हलणारा. रोशनने आणखी दहा वेळा ओढली. मी मनात मोजत होते. त्या दिवशी कुणी मोजलं नव्हतं. हातात जीव नाही काय तुमच्या. रात्री त्यांच्या दोन्ही तळहातांना फोड आले होते, ते त्यांनी मला दाखवले नाहीत, वरणभात चमच्याने खाल्ला म्हणून मला दिसले, आणि त्यावरही मी काही म्हटलं नाही, कारण मी रागात होते. मी तेव्हापासून रागातच आहे. राग हा एक बरा उद्योग आहे, हात रिकामे राहत नाहीत.

मग ठिणगी. रोशनने प्लग काढला, वायरीला लावून लोखंडाला टेकवला, मला म्हणाला पाहा. दोरी ओढली. काही नाही. शेडचं दार लोटून अंधार केला. पुन्हा ओढली. काही नाही. नवा प्लग लावला. काही नाही.

"ठिणगीच नाई," रोशन म्हणाला. "कॉइल गेली, मॅडम. शंभर टक्के कॉइल."

"म्हणजे कुणाची चूक?"

"कोनाची म्हनजे? कॉइल हाये, जाते. आतून जळते. बाहेरून कोनाले काय दिसते?"

मला टाळी वाजवावीशी वाटली. कॉइल! आतून जळते, बाहेरून दिसत नाही! हे वाक्य मी सभेत म्हणायचं ठरवलं, असंच्या असं. उभं राहून म्हणायचं, रघुनाथरावांकडे पाहून म्हणायचं, आणि मग तो सुंदर अक्षरातला कागद सगळ्यांसमोर टराटरा फाडायचा. गौरवला तिथे बोलावून घ्यायचं. मी अरविंदना फोन लावला. "कॉइल गेली होती," मी जवळजवळ ओरडलेच. "कळलं का? ठिणगीच नव्हती. तुम्ही दहा दिवस ओढत बसले असते तरी झाली नसती. तुमची काहीच चूक नाही!"

 ते म्हणाले, "तू शेडमध्ये आहेस काय?"

"हो. रोशन आहे."

"नलिनी, घरी ये."

"अहो, मी काय सांगून राहिली आणि तुम्ही काय बोलून राहिले?"

"त्या मोटरला हात लावू नको. ये तू घरी. जेवू आपण." आवाज अगदी मऊ होता, मी आजारी असल्यावर असतो तसा. मी फोन बंद केला. सुटकासुद्धा या माणसाला नको! कुणी पायातली बेडी काढायला आलं तर हे विचारणार, तुम्हाला त्रास तर नाही ना होणार. मी रोशनला म्हटलं, कॉइल काढ बाहेर, मला ती हातात घेऊन सभेत जायचं आहे.

त्याने झाकण काढलं आणि वायरी पाहत पाहत पुढे आला. एक वायर कॉइलपासून निघून समोरच्या लाल बटनाकडे जात होती. तिथे तो थांबला.

"हे बंद करायचं बटन हाये. याचं बी पाहा लागन," तो म्हणाला. "पन नाडा आडवा येऊन राहिला. पूजेचा हाये."

"मग काप."

"तुम्हीच कापा जी. तुम्हीच बांधला होता."

मी त्याच्या हातातून ब्लेड घेतलं आणि कापला. सात वेढे सुटून ड्रमच्या पाण्यात पडले. खालची खाच उघडी झाली, स्वच्छ, तिच्यात धूळही नव्हती. रोशनने तिच्यात नख घातलं, बटन दाबून पाहिलं, ओढून पाहिलं. मग खिशातून मोबाईल काढला आणि बोलून काहीतरी शोधायला लागला. एका माणसाचा हिंदी आवाज शेडमध्ये घुमला. तो कुठल्याशा मोठ्या तलावाच्या काठी अशाच मोटरजवळ उभा होता आणि खूप आनंदाने समजावून सांगत होता. चालवणारा पाण्यात पडला तर मोटर आपोआप बंद व्हावी म्हणून ही सोय असते. लाल दोरी असते. तिचं एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटात आणि दुसऱ्या टोकाची क्लिप या बटनाखालच्या खाचेत. क्लिप निघाली की ठिणगी बंद. क्लिप नसेल तर भाऊ, दिवसभर ओढत बसा, मोटर सुरू होणार नाही.

"कुणी नेली ती?" मी म्हणाले. माझा आवाज फाटला. "कोणत्या मेल्याने चोरली ती दोरी? तीन वर्षं शेडला कुलूप नाही, येतो तो बोटीत बसून फोटो काढतो. त्या गौरवच्या टोळीतल्याच कुणीतरी. एवढ्याशा दोरीसाठी माणूस गेला, रोशन! मी नाव शोधून काढीन त्याचं. मी सभेत एकेकाला उभं करीन..."

 रोशन माझ्या चेहऱ्याकडे पाहत नव्हता. माझ्या मनगटाकडे पाहत होता.

मी पण पाहिलं. लाल, कुरळी, माझ्या हाताला चांगली सवयीची झालेली. टोकाला चपटा तुकडा, मध्ये अर्धगोल कापलेला. तो अर्धगोल कशासाठी आहे असा प्रश्न पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला वर्षभरात एकदाही पडला नव्हता. ग्रीस लागलेलं लोंबतं-बिंबतं. खाचेतून ओढताना ती टक् करून निघाली होती, हे मला आता बोटांत आठवलं. अरविंदना विचारलं होतं, हे काय आहे? त्यांनी चष्मा वर करून पाहिलं होतं, म्हणाले, असेल कंपनीचं काहीतरी, राहू दे. मी म्हटलं, घाण दिसते. पर्समध्ये टाकली, घरी जाऊन सर्फमध्ये भिजवली, लाल रंग असा उजळला की टाकवेना. आणि त्या सकाळी. त्या सकाळी ती काठावर होती, माझ्या गाडीला लटकलेली, बोटीपासून पन्नास पावलांवर. मी तिच्याजवळून पळत खाली गेले होते आणि ओरडले होते, हातात जीव नाही काय तुमच्या.

पुस्तक पुरात गेलं नव्हतं. ते त्यांनी वाचलं होतं, नंतर, एकट्याने, चष्मा वर करून. आणि मग रोज सकाळी मी दाराशी चाबी मनगटात अडकवून निघाले की ते खिडकीतून पाहत असले पाहिजेत. जामसावळीला काय मागायला गेले होते तुम्ही? बायकोला कळू देऊ नको म्हणून? किचेन घेऊन आले! मी सालांतून दोरी शोधून काढली, धुतली, तुम्हाला अर्धा तास बोलले, आणि तुम्ही ते ऐकून घेतलं, मारुती देवघरात ठेवला आणि कोडं सोडवायला बसले. माझा राग काही गेला नाही. उलट असा उसळला की डोळ्यांपुढे लाल झालं. कुणी सांगितलं होतं? माझं पाप तुमच्या अक्षरात लिहून काढायची परवानगी कुणी दिली होती? मला न विचारता!

"मॅडम, बसा," रोशन म्हणाला. "पानी आनू काय?"

मी बसले नाही. दोरी मनगटातून काढली, गाडीची चाबी तिला लटकत होती तशीच, आणि तो चपटा तुकडा बटनाखाली सरकवला. टक्. रोशनने प्लग बसवला, वायर जोडली. मी त्याला बाजूला सारलं आणि ओढायची दोरी स्वतः धरली. माझ्या हातात फार जोर नाही. पहिल्यांदा अर्धवट ओढली गेली. दुसऱ्यांदा सुरू झाली.

एवढा मोठा आवाज असतो तिचा हे मला माहीत नव्हतं. पत्र्याची शेड थरथरली, ड्रममधलं पाणी उसळून बाहेर आलं, निळा धूर झाला. रोशन काहीतरी बोलत होता ते ऐकू येत नव्हतं. मी त्या लटकत्या चाबीकडे पाहत होते, ती थडथड उडत होती. मग दारातला उजेड कमी झाला. शकुबाई उभी होती. तिचं घर शेडच्या मागेच आहे. कपाळ मोकळं, हाताला पीठ लागलेलं. आवाज ऐकून पोळ्या सोडून आली होती.

"चालू झाली," ती म्हणाली. ते मला तिच्या ओठांवरून कळलं. मग ती जवळ आली आणि मोठ्याने म्हणाली, "मंग त्या दिवशी काऊन नाई झाली?"

रोशनने माझ्याकडे पाहिलं. आठवी नापास झालेला, मी ज्याच्या वडिलांना शाळेत बोलावून घेतलं होतं तो रोशन. "कॉइल गेलती, काकू," तो ओरडून म्हणाला. "आत्ता बदलली म्या. कॉइल आतून जळते, बाहेरून कोनाले दिसत नाई."

किती सोपं होतं. वाक्य माझंच होतं, मी सभेत म्हणणार होते ते. अरविंद सुटले असते, मी सुटले असते, दोरी जामात टाकली असती की झालं. शकुबाईने मान हलवली, तिला ते पटत होतं. तिने मोटरकडे पाहिलं, तोंड वाकडं झालं, आणि म्हणाली, "बंद करा ना ते, बाई. ऐकू वाटत नाई."

रोशनचा हात बटनाकडे गेला, त्याच्याआधी मी चाबी धरली आणि ओढली. क्लिप निघून माझ्या हातात आली आणि मोटर त्याच क्षणी गप्प झाली. ड्रममधलं पाणी थोडा वेळ गोल फिरत राहिलं, त्यात नाडा फिरत होता.

"शकुबाई," मी म्हणाले, "कॉइल नाही गेली. रोशन मला सांभाळून घेऊन राहिला. ही दोरी इथे नसली तर ही मोटर चालू होत नाही. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी ती काढली. पुसायला म्हणून. तेव्हापासून माझ्याजवळ आहे. त्या दिवशी पण माझ्याजवळच होती, वरती, गाडीला."

तिने हात पुढे केला. मी दोरी तिच्या हातात दिली. तिने ती पिठाच्या बोटांनी ताणली, सोडली, ती आपली परत गुंडाळली गेली. तिने पुन्हा ताणली. मला वाटलं ती आता ओरडेल, आणि ओरडावं असं मला फार वाटत होतं.

"एवढीशी," ती म्हणाली.

"हो."

"मास्तरले माहीत हाये?"

"आहे. मला आत्ता कळलं."

 ती दोरीकडे पाहतच म्हणाली, "हे तिथी सभेत सांगसान काय? समद्याइच्या समोर? का इथीच सांगून मोकळ्या होसान?"

"तिथे सांगीन."

"मंग चाला. मी बी येतो." तिने दोरी मला परत केली नाही. चाबीसकट मुठीत धरली, पदराने हाताचं पीठ पुसलं आणि मागे न पाहता निघाली. चुलीवर तवा तसाच असणार, पण तिने घराकडे पाहिलं नाही. रोशन म्हणाला, मॅडम, तुमची गाडी?  चार वाजायला अजून वेळ होता, तरी शकुबाई भराभर चालत होती, आणि मी तिच्या मागे पायी जात होते. पानठेल्यावर गौरव उभा होता. आम्हा दोघींना पाहून या वेळी कुणी हसलं नाही. मंडळाच्या पायरीवर अरविंद आधीच येऊन बसले होते, घडी घातलेला कागद गुडघ्यावर. त्यांनी आधी शकुबाईच्या मुठीतून लोंबणारी लाल दोरी पाहिली, मग मला पाहिलं, आणि उठून उभे राहिले. चेहरा असा झाला होता की मला दया यायला पाहिजे होती.

"द्या तो कागद इकडे," मी म्हणाले. "मला कुणी विचारलं होतं काय?"